ऑर्डर घेण्याआधी फ्रेमचा हिशोब

स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आमच्या जालन्यातल्या दुकानातून शाई, जाळी, इमल्शन (जाळीवर लावायचं, उजेडाने घट्ट होणारं रसायन) नेणारे बरेच जण घरातल्याच एका खोलीत टेबल टाकून काम करतात. मोंढ्यातल्या बारदानावर आडतीचा मार्का, दुकानांच्या कापडी पिशव्या, लग्नपत्रिका, 14 एप्रिलचे आणि गणेश मंडळांचे टी-शर्ट. कामाला तोटा नाही. तरी सीझन सरला की "राबलो लई, उरलं काहीच नाही" हे काउंटरवर ऐकू येतंच. आमच्या पाहण्यात पैसा छापताना कमी जातो. भाव सांगताना आणि फ्रेम, म्हणजे छापायच्या डिझाइनची जाळी ताणलेली चौकट, बनवताना जास्त जातो.

आधी भावाचं. जाळीवर इमल्शनचं कोटिंग, वाळवण, एक्सपोज (डिझाइन ठेवून उजेड देणं), धुलाई, टेबलावर फ्रेम बसवणं ही मेहनत 50 पिशव्यांना जेवढी, 500 पिशव्यांना तेवढीच. समजा याचे 400 रुपये धरले, तर 50 नगांवर प्रत्येकी 8 रुपये पडतात आणि 500 वर 80 पैसे. म्हणून बिलात फ्रेमचे पैसे वेगळे लिहा. दोन रंग असतील तर दोन फ्रेमा. जुनं गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं तर सूट छपाईत द्या, फ्रेममध्ये नको. शंभर टी-शर्ट छापायचे तर बिघडणाऱ्या नगांसाठी तीन-चार जादा मागून घ्या.

आता एक्सपोज. इथेच सगळ्यात जास्त माल वाया जातो. पुष्कळ जण अजून उन्हातच फ्रेम धरतात. पण मे महिन्यातलं अकराचं ऊन आणि जुलैतलं ढगाळ ऊन एकच नाही, मग वेळेचा अंदाज कसा लागणार? यूव्ही दिव्यांची साधी पेटी करून घ्या आणि एकदाच चाचणी करा. कोट केलेल्या फ्रेमवर पॉझिटिव्ह (पारदर्शक कागदावरचं काळं डिझाइन) ठेवा, वर काच आणि काचेवर काळा पुठ्ठा. दर 30 सेकंदांनी पुठ्ठा दोन बोटं मागे सरकवा. मग धुवा. जिथे इमल्शन बुळबुळीत होऊन निघून जातं तिथे वेळ कमी पडली. जिथे बारीक अक्षरं उघडतच नाहीत तिथे जास्त झाली. मधल्या पट्टीची वेळ भिंतीवर खडूने लिहून ठेवा. इमल्शन किंवा जाळी बदलली की पुन्हा चाचणी. पावसाळ्यात कोटिंग वरून कोरडं लागतं, आत ओल असते. मग धुताना पिनहोल (टाचणीएवढी भोकं) पडतात. अंधाऱ्या खोलीत पंखा लावून नीट वाळू द्या.

जाळी कामाप्रमाणे. कापडाला 43 (एका सेंटीमीटरात 43 धागे), बारदानाला त्याहून जाड, पत्रिकेला 120. गेल्या वर्षी आमच्याच पोराने एकाला टी-शर्टासाठी 120 ची बांधून दिली. शाई उतरेना, बिचाऱ्याचे स्क्विजी (शाई ओढायची रबरी पट्टी) दाबून दाबून खांदे गेले. फ्रेम आम्ही बदलून दिली, पण त्याचा दिवस गेला तो गेलाच.

टी-शर्टावरची प्लास्टिसॉल (प्लास्टिकची) शाई हवेवर किंवा उन्हात वाळत नाही. शाईचा थर आतपर्यंत साधारण 160 अंशांपर्यंत तापावा लागतो. आपल्याकडचं ऊन कितीही भाजलं तरी तेवढं तापत नाही. वरून हाताला लागत नाही म्हणजे पक्की झाली असं नाही. एक नग ताणून बघा, तडे गेले तर शाई कच्ची आहे. मग एकदा धुऊन बघा, आणि तेव्हाच बाकीचे गिऱ्हाइकाच्या हातात द्या. नॉन-वोव्हन (न विणलेल्या कापडाच्या) पिशवीवर ही शाई चालवू नका. ते कापड पॉलिप्रॉपिलिनचं, एवढ्या तापाला वितळतं. त्याची शाई वेगळी मिळते. आणि 30 सप्टेंबर 2021 पासून नॉन-वोव्हन पिशवी 60 जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला 60 ग्रॅम) पातळ नियमाने चालत नाही. गिऱ्हाईक स्वस्तातली पातळ पिशवी घेऊन आलं तर छापू नका.

फ्रेम बिघडली तर टाकून देऊ नका. फ्रेम आणि ज्यावर छापायचं त्याचा एक नग घेऊन दुपारी 3 नंतर दुकानात या. सकाळी गर्दी असते, नीट बघता येत नाही.