दोन कंपन्या आणि एक पूल : मुंबईत गाडी बदलण्याची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो-३ आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावू लागली, तेव्हा बातम्यांमध्ये साडेतेहतीस किलोमीटर आणि सत्तावीस स्टेशनं हे आकडे ठळक होते. एक गोष्ट मात्र जरा मागे राहिली. चर्चगेट आणि सीएसएमटी ही दक्षिण मुंबईतली दोन मोठी टर्मिनस तेव्हा पहिल्यांदा थेट रेल्वेमार्गाने जोडली गेली. दोघांमध्ये अंतर जेमतेम किलोमीटरभर. वाटेत खाडी नाही, टेकडी नाही, आहेत ती मैदानं आणि कचेऱ्या. तरीही दीडशे वर्षांहून जास्त काळ इथला प्रवासी एका टर्मिनसातून उतरून दुसऱ्याकडे पायी, बसने नाहीतर टॅक्सीने जात राहिला. हे असं का झालं, याचं उत्तर भूगोलात सापडत नाही. ते कंपन्यांच्या हद्दीत सापडतं.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची, म्हणजे जीआयपीची होती. ठाणं हा या कंपनीसाठी फक्त पहिला टप्पा. तिचा डोळा घाटापलीकडे होता. दख्खनचा, खानदेश-वऱ्हाडचा माल, मुख्यतः कापूस, बंदरापर्यंत आणायचा होता. बोरघाट १८६३ मध्ये पार झाला, थळघाट १८६५ मध्ये. दुसरी कंपनी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया, जुन्या लोकांच्या तोंडची ‘बीबीसीआय’. ती गुजरातकडून खाली आली. तिच्याही डब्यांत कापूसच, आणि कापसाचा बाजार तेव्हा कुलाब्याला होता. त्यामुळे ती पश्चिम किनाऱ्याच्या बाजूने उतरत बॅकबेपर्यंत आणि पुढे कुलाब्यापर्यंत गेली. विरारहून बॅकबेला येणारी तिची लोकल १८६७ मध्ये सुरू झाली.

दोन्हींचे रूळ एकाच मापाचे, साडेपाच फुटी. म्हणजे तांत्रिक अडचण अशी काही नव्हती. पण एका कंपनीच्या गाडीतून उतरून दुसरीच्या गाडीत बसणाऱ्या माणसाची सोय करणं कुणाच्याच हिशेबात बसत नव्हतं. दोघींना आपापलं टर्मिनस हवं होतं, आणि ते बंदराजवळ हवं होतं. परळ ते दादर या पट्ट्यात मात्र दोन्ही मार्ग इतके जवळ येतात की एकाच वस्तीला दोन-दोन स्टेशनं मिळाली. जीआयपीचं परळ आणि बीबीसीआयचं एल्फिन्स्टन रोड एकमेकांना लागून. करी रोडवरून लोअर परळ चालण्याच्या अंतरावर. माटुंगा आणि माटुंगा रोड यांच्यात नवखा माणूस आजही फसतो. दादर तेवढं दोघींचं, नावानेही एकच. तिथे दोन वेगवेगळी स्टेशनं भिंतीला भिंत लावून उभी राहिली आणि मधून पूल टाकला गेला. मुंबईतली सर्वात मोठी गाडी बदलण्याची जागा अशी आखणीशिवाय तयार झाली.

दक्षिण टोकाला याच्या उलट घडलं. कुलाब्याचा फाटा ३१ डिसेंबर १९३० ला बंद झाला, लांबच्या गाड्यांसाठी त्याच महिन्यात मुंबई सेंट्रल उघडलं आणि लोकलचा शेवट चर्चगेटला आला. पूर्वेकडच्या टर्मिनसाशी त्याची गाठ घालून देण्याचा विषय त्यानंतरही जागच्या जागी राहिला.

हार्बर लाईनमुळे थोडीफार गुंफण झाली. कुर्ला-रे रोड हा तिचा पहिला तुकडा १९१० चा, मुळात बंदराच्या कामासाठी. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची लोकल व्हीटीहून (आजच्या सीएसएमटीहून) कुर्ल्याला गेली ती याच मार्गावरून. सँडहर्स्ट रोडला ही लाईन मेन लाईनच्या डोक्यावरून जाते, त्यामुळे तिथे खाली-वर जिना चढून गाडी बदलता येते. मुंबईत असं एकावर एक स्टेशन लोकलच्या नशिबी फारसं आलेलं नाही. रावळी जंक्शनवरून माहीमकडे जाणाऱ्या फाट्यामुळे हार्बरची गाडी वांद्रे-अंधेरीला पोचली (२०१८ पासून गोरेगावला), म्हणजे जीआयपीच्या घरची गाडी बीबीसीआयच्या अंगणात शिरली. पण त्याने वडाळा रोडला नवं वळण तयार केलं. नवी मुंबईकडून येणाऱ्याला वांद्र्याच्या बाजूला जायचं असेल आणि थेट गाडीची वेळ जुळत नसेल, तर वडाळ्याला उतरून थांबण्यावाचून इलाज नाही.

कंपन्या सरकारजमा झाल्या. जीआयपी १९२५ मध्ये, बीबीसीआय १९४२ मध्ये. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य आणि पश्चिम असे दोन विभाग झाले आणि जुनी हद्द नव्या नावाने कायम राहिली. दोन्ही रेल्वेंची मुख्यालयं मुंबईतच आहेत, एक सीएसएमटीला, दुसरं चर्चगेटला. दादरच्या पुलावर चालताना हद्द कुठे बदलते ते प्रवाशाला कळत नसे. कळायचं ते फलाटांच्या नंबरांवरून. पश्चिमेलाही एक नंबर, मध्यलाही एक नंबर. ‘पाच नंबरवर ये’ असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ‘कुठल्या पाचवर?’. पश्चिमेचे एक ते सात तसेच ठेवून मध्यच्या फलाटांना आठपासून चौदापर्यंत नंबर द्यायला ९ डिसेंबर २०२३ उजाडावं लागलं. काम रंगाचं आणि पाट्यांचं. त्याला बहात्तर वर्षं लागली, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वात बोलकं उदाहरण वाटतं.

एका बाबतीत मात्र जुन्या रेल्वेला पूर्ण गुण द्यायला हवेत, ती म्हणजे तिकीट. अंधेरीहून ठाण्याचं तिकीट किंवा पास ‘वाया दादर’ काढला की पूल ओलांडताना पुन्हा खिशात हात घालावा लागत नाही. दोन वेगळी प्रशासनं, पण भाडं एकूण अंतराचं. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली की तिचं महत्त्व मेट्रो आल्यावर कळलं.

पुलावर नुसतं वर-खाली करणं ही गैरसोय असते. पण माणसं वाढली आणि पूल तेवढाच राहिला की त्याचा धोका होतो. एल्फिन्स्टन रोड-परळची गोष्ट त्यासाठी नीट पाहण्यासारखी आहे. गिरणगाव जिवंत होतं तेव्हा कामगार चाळीतून चालत पाळीवर जायचा. या स्टेशनांना गाडी बदलणाऱ्यांची गर्दी अपेक्षित नव्हती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले आणि कल्याण-डोंबिवलीचा कर्मचारी परळला उतरून पुलावरून पश्चिमेला जाऊ लागला. जमिनीचा वापर बदलला, जिन्याची रुंदी तीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पावसात त्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. नवा पूल लष्कराने बांधला आणि तो २०१८ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. त्याच वर्षी एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं.

गाडी बदलण्याच्या जागेचा विचार मार्ग ठरवण्याआधी केला तर काय होतं, ते लंडनच्या व्हिक्टोरिया लाईनवर दिसतं. १९६८ पासून टप्प्याटप्प्याने उघडलेल्या या मार्गावरचं पिम्लिको सोडलं तर प्रत्येक स्टेशन दुसऱ्या कुठल्या तरी रेल्वेला जोडलेलं आहे. ऑक्सफर्ड सर्कस, फिन्सबरी पार्क अशा ठिकाणी एका गाडीतून उतरून समोरच्याच फलाटावर दुसरी मिळते. त्यासाठी फिन्सबरी पार्कला जुने बोगदे नव्या कामाला घेऊन मार्गांची अदलाबदल केली गेली. हाँगकाँगने प्रिन्स एडवर्ड आणि माँगकॉक या लागोपाठच्या दोन स्टेशनांत फलाट असे मांडले की एका दिशेच्या बदलाची सोय एकीकडे आणि उलट दिशेची दुसरीकडे होते. नियोजनकार प्रवासाच्या वेळेचा हिशेब मांडताना चालण्याच्या आणि थांबण्याच्या मिनिटाला बसलेल्या मिनिटापेक्षा जास्त वजन देतात, आणि गाडी बदलण्याचा वेगळा दंडही लावतात. मुंबईकराला हे सूत्र शिकवावं लागत नाही. दोन गाड्या बदलून दहा मिनिटं वाचणार असतील तरी थेट गाडीत उभं राहून जाणारे कितीतरी आहेत. बसायला मिळावं म्हणून उलट दिशेने एक-दोन स्टेशनं मागे जाऊन ‘रिटर्न’ येणारेही आहेत. वेळेच्या नकाशावर ती वाट वेडेपणाची, पाठीच्या नकाशावर शहाणपणाची.

ट्रान्सहार्बरचा अनुभवही हेच सांगतो. २००४ च्या आधी ठाण्याहून वाशीला रेल्वेने जायचं तर कुर्ल्याला उतरायचं, पूल चढून हार्बरच्या फलाटावर जायचं आणि तिथे आधीच भरलेल्या गाडीत जागा शोधायची. ठाणे-वाशी मार्ग सुरू झाला आणि त्रिकोणाच्या दोन बाजू चालण्याची सक्ती संपली. कुर्ल्याच्या पुलाला जे सुख कुठल्याही दुरुस्तीने मिळालं नसतं, ते मार्गाच्या निवडीने मिळालं.

मेट्रोचा आराखडा २००४ मध्ये आला, सुमारे १४६ किलोमीटरचा. त्यातला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर हा तुकडा आधी बांधायचा ठरला. निवड बिनचूक होती. रेल्वेने शहर उत्तर-दक्षिण शिवलं होतं, आडवा टाका नव्हताच. ८ जून २०१४ ला ११.४ किलोमीटरची मेट्रो-१ सुरू झाली आणि वर्सोवा-घाटकोपर वीस-एकवीस मिनिटांवर आलं. दक्षिणेला दादरपर्यंत जाऊन पुन्हा उत्तरेला येणाऱ्यांपैकी बरेच इकडे वळले. अर्थात त्याचा भार घाटकोपरच्या जुन्या फलाटांवर आणि पुलांवर पडला. मार्ग नवा होता, पण तो येऊन मिळत होता ते स्टेशन जुनंच होतं.

पुढच्या मार्गांची निवड मात्र बव्हंशी रस्त्यांनी केली. उन्नत मेट्रोला खांब लागतात, खांबाला जागा लागते, आणि मुंबईत फार घरं न पाडता जागा मिळते ती रुंद रस्त्याच्या मध्यावर. म्हणून मेट्रो-७ पश्चिम द्रुतगती महामार्गावरून गेली आणि २-अ लिंक रोडवरून. दोन्हींचा पहिला टप्पा २०२२ च्या गुढीपाडव्याला सुरू झाला, उरलेला जानेवारी २०२३ मध्ये. भूसंपादन टळलं, हे खरंच. पण रेल्वे स्टेशन महामार्गावरही नाही आणि लिंक रोडवरही नाही. मेट्रोच्या ‘बोरिवली पश्चिम’ किंवा ‘मालाड पश्चिम’ या पाट्या वाचून लोकल जवळच असेल असं समजू नये, मध्ये रिक्षाचं भाडं आहे. या दोन मार्गांची मेट्रो-१ शी गाठ मात्र नीट घातली गेली. गुंदवलीहून पुलाने वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशनात जाता येतं, अंधेरी पश्चिमहून डी. एन. नगरला. चालावं लागतं, पण उन्हापावसात रस्त्यावर उतरावं लागत नाही.

मोनोरेलविषयी थोडक्यात. २०१४ मध्ये ती चेंबूरहून वडाळ्यापर्यंत आली, २०१९ मध्ये जेकब सर्कलपर्यंत. तिच्या वडाळा डेपो स्टेशनचा वडाळा रोड लोकलशी चालत जाण्याइतकाही संबंध नाही. महालक्ष्मीला लोकल, मोनो आणि मेट्रो-३ एकत्र येणार, अशी तिच्याबद्दलची आशा होती. मोनोची सेवा २० सप्टेंबर २०२५ पासून स्थगित झाली. महालक्ष्मीचं भुयारी स्टेशन उघडलं ते त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत.

मेट्रो-३ भुयारी असल्याने तिच्यावर रस्त्याची सक्ती कमी होती आणि ते तिच्या मार्गात दिसतं. चर्चगेट, सीएसएमटी, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल अशी जुनी रेल्वे स्टेशनं तिने वेचून घेतली, वर विमानतळाची दोन्ही टर्मिनलं आणि बीकेसी. मरोळ नाक्याला ती मेट्रो-१ च्या खाली येते. दादर मेट्रो मात्र लोकलच्या दादरखाली नसून पश्चिमेला शिवसेना भवनाच्या बाजूला आहे. म्हणजे दादरला आता जुन्या पुलात बाजारातल्या वाटचालीची भर पडली.

आणि तिकीट? मेट्रो-१ एका खासगी भागीदारीतल्या कंपनीची, २-अ आणि ७ एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) कंपनीची, ३ आणखी वेगळ्या सरकारी कंपनीची. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ ॲप आलं आणि अकरा वाहतूक सेवांची तिकिटं एका जागी मिळू लागली. सोय झाली. पण एकाच पडद्यावर तीन तिकिटं दिसणं वेगळं आणि ‘वाया दादर’सारखं एका प्रवासाचं एक भाडं असणं वेगळं.

पुणे आणि नागपूरला महामेट्रो ही एकच संस्था दोन्ही मार्ग बांधत होती. तिथे नागपूरच्या सिताबर्डीला आणि पुण्याच्या जिल्हा न्यायालय स्टेशनला दोन्ही मार्गिका एकाच वास्तूत खाली-वर आल्या, प्रवासी सरकत्या जिन्याने बदलतो. हिंजवडीहून पुण्याच्या त्याच जागी येणारी तिसरी मार्गिका पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची आहे, तेव्हा तिथली खरी परीक्षा तिच्या जोडणीत होईल.

मुंबईच्या उत्तरेला मेट्रो-४ ची आखणी वडाळ्याहून घाटकोपर, मुलुंड करत कासारवडवलीपर्यंत आहे. ठाण्यात तिने तीन हात नाक्याची वाट धरली आहे, ठाणे रेल्वे स्टेशनाची नाही. स्टेशनापर्यंत भुयारातून पोचणारी २९ किलोमीटरची वर्तुळाकार मेट्रो केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केली. मेट्रो-४ एमएमआरडीएची आहे आणि ही महामेट्रोची.