मुलांची फुप्फुसं आणि घराचा पत्ता

मुलाला दमा किंवा न्यूमोनिया झाला की आपण जंतू, ॲलर्जी, अनुवंशिकता अशी कारणं शोधतो. ते मूल कसल्या घरात राहतं, हा प्रश्न मागेच पडतो. वास्तविक त्याचे पुरावे जुने आहेत.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर कोळशाच्या धुराचं दाट धुकं पाच दिवस ठाण मांडून बसलं, हजारो माणसं दगावली. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. १९४६ मध्ये जन्मलेल्या ब्रिटिश मुलांच्या पाहणीतून १९६६ मध्ये स्पष्ट झालं, की हवा जितकी प्रदूषित तितके छातीचे संसर्ग जास्त. मग १९८० मध्ये ब्रिटिश डॉक्टर डग्लस ब्लॅक यांच्या सरकारी समितीने गरीब-श्रीमंतांच्या मृत्यूदरातली दरी आकड्यांनिशी मांडली. बालमृत्यूंत ती अपघात आणि श्वसनविकारांत फार मोठी होती. सरकारने त्या अहवालाच्या जेमतेम २६० प्रती काढल्या आणि शिफारशी खर्चिक म्हणून बाजूला सारल्या. माझ्या मते इथेच सगळ्यात मोठी संधी हुकली.

फुप्फुसं जन्मानंतरही कित्येक वर्षं वाढत असतात आणि वजनाच्या मानाने मूल मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतं. ओल, दाटीवाटी, चुलीचा धूर, दाराशी वाहणारी रहदारी हे सगळं बहुधा एकाच घराच्या वाट्याला येतं, आणि त्या वयात खुंटलेली वाढ पुढे सहसा पूर्ण भरून निघत नाही.

हे वाटे आपोआप पडत नाहीत. अमेरिकेत १९३० च्या दशकात कर्जासाठी 'धोकादायक' म्हणून नकाशावर लाल रंगवलेल्या वस्त्यांत बऱ्याचदा कृष्णवर्णीय राहत. कॅलिफोर्नियातल्या आठ शहरांच्या २०२० मधल्या अभ्यासात अशा भागांत दम्यासाठी तातडीने दवाखाना गाठण्याचं प्रमाण, सर्वांत चांगल्या ठरवलेल्या भागांच्या सुमारे २.४ पट निघालं.

लंडनमध्ये गजबजलेल्या रस्त्यालगत राहणारी नऊ वर्षांची एला अडू-किसी-डेब्रा २०१३ मध्ये दम्याने गेली. तिच्या मृत्यूला हवेचं प्रदूषणही कारणीभूत होतं, हे नोंदवून घ्यायला डिसेंबर २०२० उजाडला, तेही तिच्या आईने चिकाटी सोडली नाही म्हणून. त्याच डिसेंबरात इंग्लंडमधल्याच रॉचडेल गावात दोन वर्षांचा अवाब इशाक गेला. त्याच्या वडिलांनी २०१७ मध्येच भिंतींवरच्या बुरशीची तक्रार केली होती. 'वरून रंग मारा,' असं त्यांना सांगण्यात आलं. बुरशीमुळेच तो गेला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये निघाला. पुढच्याच वर्षी अवाबच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद कायद्यात आली: सामाजिक गृहयोजनांच्या घरमालकांनी ओल-बुरशीची दुरुस्ती ठरलेल्या मुदतीत करायची.