नागरी हक्क चळवळीच्या इतिहासाचे अध्यापन (अमेरिका)

वंशभेदाविरुद्ध आणि मताधिकारासाठी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी दिलेला लढा शाळा-महाविद्यालयांत शिकवण्याची रीत. पाठ्यपुस्तकांत हा लढा बहुधा १९५४ च्या ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ या, शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या निकालापासून सुरू होतो आणि १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येपाशी संपतो.

या धड्यात हमखास भेटतात त्या रोझा पार्क्स. दिवसभराच्या शिवणकामाने थकलेली बाई गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडत नाही, तिला अटक होते आणि गाव पेटून उठते. गोष्ट मुलांना लगेच कळते, पण तिच्यातून चळवळच गळून जाते. पार्क्स अलाबामातील माँटगोमेरी शहरात ‘एनएएसीपी’ या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या जुन्या कार्यकर्त्या होत्या. १९५५ च्या उन्हाळ्यात त्या टेनेसीतील हायलँडर या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण केंद्रात शिबिराला जाऊन आल्या होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॉडेट कोल्व्हिन या १५ वर्षांच्या मुलीनेही जागा सोडायला नकार दिला होता. १ डिसेंबरला पार्क्स यांना अटक झाली आणि जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने रातोरात बसवर बहिष्काराची हाक देणारी हजारो पत्रके सायक्लोस्टाइल करून काढली. बहिष्कार ३८१ दिवस चालला. बसमधील भेदभाव ज्या खटल्याने संपला, त्यात वादी म्हणून कोल्व्हिन होती, पार्क्स नव्हत्या.

हे सारे वर्गात आणायला दोन कागद पुरतात. पोलिसांच्या अहवालात, चालकाच्या सांगण्यावरून, ही बाई गोऱ्यांच्या भागात बसल्याची नोंद आहे. न्यायालयात दाखल झालेले बसचे रेखाचित्र वेगळेच सांगते: गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या पुढच्या १० आसनांच्या लगेच मागे पार्क्स बसल्या होत्या. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मुले आपणहून विचारतात, मग गुन्हा काय झाला? गोऱ्यांची गर्दी वाढली की चालक ती सीमा मागे सरकवत असे, हे त्यातूनच उलगडते. अशा मूळ कागदांवरून शिकवणे ही या विषयाची सर्वांत सकस पद्धत आहे.

चळवळीने स्वतःच आपला इतिहास शिकवला, हे फारसे सांगितले जात नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत चाळीसेक ‘स्वातंत्र्यशाळा’ भरल्या. कल्पना चार्ल्स कॉब या तरुण कार्यकर्त्याची. चर्चच्या तळघरात, ओसरीवर, झाडाखाली दोन हजारांहून अधिक जण शिकले. बहुसंख्य समाजाजवळचे आपल्याला काय हवे, काय नको आणि आपल्याजवळचे काय राखायचे, या प्रश्नांभोवती तिथला अभ्यासक्रम बांधलेला होता. मुले स्वतःची वृत्तपत्रे काढत. अशी शाळा जिथे भरायची होती, ते नेशोबा जिल्ह्यातील माउंट झायन चर्च जूनमध्ये जाळण्यात आले. त्याची चौकशी करायला गेलेले चेनी, गुडमन आणि श्वर्नर हे तिघे कार्यकर्ते मारले गेले.

लढा फक्त दक्षिणेचा होता, हा समजही पाठ्यपुस्तकांनीच पोसला. ३ फेब्रुवारी १९६४ रोजी न्यूयॉर्क शहरात शाळांतील वंशभेदाविरुद्ध साडेचार लाखांहून अधिक मुले शाळेत गेली नाहीत. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाला जमलेल्या लोकांपेक्षा ही संख्या कितीतरी मोठी. तरी धड्यात तिला ओळही मिळत नाही. त्या मोर्चातूनही किंग यांचे ‘माझे एक स्वप्न आहे’ हे भाषण तेवढे उरते. तो मोर्चा ‘रोजगार आणि स्वातंत्र्यासाठी’ होता, त्यात ताशी किमान २ डॉलर वेतनाची मागणी होती, हे वगळले जाते.

मिसिसिपीने २००६ मध्ये या विषयाच्या शिक्षणासाठी कायदा केला. २०११ मध्ये सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने राज्यांचे अभ्यासक्रम तपासले, तेव्हा ३५ राज्ये नापास ठरली. त्यांतील १६ राज्यांनी हा विषय शिकवण्याची सक्तीच केली नव्हती. वरची श्रेणी केवळ अलाबामा, फ्लोरिडा आणि न्यूयॉर्कला मिळाली. २०२१ पासून मात्र अनेक राज्यांनी वर्गात वंशाविषयी काय बोलावे यावर कायद्याने बंधने घातली. २०२३ मध्ये फ्लोरिडाने शाळांतील आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा प्रगत (महाविद्यालयीन पातळीचा) वर्ग नाकारला. शिक्षक धास्तावले की आधी गाळले जातात ते मूळ कागद, कारण त्यांत नावे असतात.

मराठी वाचकाला हा इतिहास परका नाही. संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागवण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेवरून घेतले.