निवडणुकीचा अंदाज बाजार : खानदेशातील विधानसभा लढती

अंदाज बाजार (प्रेडिक्शन मार्केट) : पुढे घडणाऱ्या घटनेवर करार काढून त्यांची खरेदी-विक्री करायची आणि बाजारात ठरणारा भाव हाच त्या घटनेचा अंदाज मानायचा, अशी पद्धत. करार अगदी साधा असतो. ‘अमुक आघाडीला विधानसभेत १४५ किंवा अधिक जागा मिळतील’ हे खरे ठरले तर करारधारकाला १ रुपया मिळतो, खोटे ठरले तर काहीच मिळत नाही. हा करार ६२ पैशांना विकला जात असेल, तर त्या घडीला बाजाराच्या मते आघाडीला बहुमत मिळण्याची शक्यता ६२ टक्के आहे. ज्याला ती ७५ वाटते तो विकत घेतो, ज्याला ५० वाटते तो विकतो, आणि भाव सरकतो. जनमत पाहणीत मनाला येईल ते उत्तर देऊन चालते. इथे चुकीच्या उत्तराची किंमत खिशातून जाते. पद्धतीचे सगळे बळ एवढ्यातच आहे.

आधुनिक स्वरूपात ही पद्धत अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९८८ साली सुरू झाली. त्या वर्षी अध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या लढतीत मिशिगन राज्यात जेसी जॅक्सन यांनी अनपेक्षित बाजी मारली, जनमत चाचण्या तोंडघशी पडल्या आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी निवडणुकीचाच शेअर बाजार मांडला. तिथे एका खात्यात ५०० डॉलरपेक्षा जास्त पैसे घालता येत नाहीत. हेतू अभ्यासाचा, कमाईचा नव्हे. पुढे इंट्रेड हा ऑनलाइन अंदाज बाजार आला आणि २०१३ मध्ये बंद पडला. २०२४ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत पॉलीमार्केट या ऑनलाइन अंदाज बाजारावर प्रचंड उलाढाल झाली. तिथे चाचण्या बरोबरीची लढत दाखवत असताना भाव ट्रम्प यांच्या बाजूने झुकलेला होता.

आपल्याकडे हे काम बेकायदा सट्टा बाजार फार आधीपासून करत आला आहे. राजस्थानातल्या फलोदीचे भाव निवडणुकीच्या दिवसांत वृत्तवाहिन्याही सांगतात. कापसाच्या खानदेशाला यात नवल वाटू नये, कारण मुंबईचा आकड्यांचा जुगार मुळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या दरांवरच उभा राहिला होता. मात्र सट्ट्याचा भाव उलटा वाचावा लागतो : भाव जितका कमी, तितका उमेदवार भारी. २५ पैसे भाव म्हणजे १ रुपया लावून जिंकल्यास वर २५ पैसे मिळतात. याचा अर्थ शक्यता ८० टक्के. ३ रुपये भाव असेल तर शक्यता २५ टक्क्यांवर येते. बुकी ‘२५-३०’ असे दोन आकडे सांगतो, पहिला लगाईचा (उमेदवार जिंकेल यावर पैसे लावण्याचा), दुसरा खाईचा (तो हरेल यावर लावण्याचा). म्हणजे खरा अंदाज ७७ ते ८० टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी आहे, आणि मधली फट बुकीची. ‘पंचवीस पैसे’ ऐकून उमेदवार पडला असे समजणारे लोक दर निवडणुकीत भेटतात.

राज्याच्या निवडणुकीत खरी अडचण भाकिताआधीच सुरू होते : करार नेमका कशाचा? २०१९ मध्ये भाजप आणि शिवसेना यांची युती होती. २४ ऑक्टोबरच्या निकालात त्यांना १०५ व ५६, मिळून १६१ जागा मिळाल्या. ‘युतीला बहुमत’ हा करार त्याच दिवशी पूर्ण फिटला असता. ‘पुढचा मुख्यमंत्री कोण’ या करारावर मात्र रण माजले असते. २३ नोव्हेंबरच्या सकाळी देवेंद्र फडणवीसांनी शपथ घेतली, २६ ला राजीनामा दिला आणि २८ ला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. पैसे कोणाला द्यायचे? शपथ घेणाऱ्याला, की विश्वासमत जिंकणाऱ्याला? हे आधी लिहून ठेवले नसेल तर बाजार अंदाजाचा न राहता वकिलीचा होतो.

तोच घोळ मतदारसंघाच्या पातळीवर खानदेशात झाला असता. त्याच निवडणुकीत मुक्ताईनगरला एकनाथ खडसे यांच्याऐवजी त्यांच्या कन्या रोहिणी यांना भाजपने उमेदवारी दिली आणि शिवसेनेचे बंडखोर चंद्रकांत पाटील अपक्ष म्हणून दोन हजारांहून कमी मतांनी निवडून आले. साक्रीत मंजुळा गावित याही अपक्षच जिंकल्या. या जागा कोणाच्या खात्यात धरायच्या? निवडणूक आयोगाच्या नोंदीत अपक्ष, गावच्या हिशेबात शिवसेना. धुळे शहरात तर एमआयएम निवडून आली; मोठ्या पक्षांपुरतेच करार काढणाऱ्या बाजारात त्या निकालाला जागाच नसती.

जळगावच्या ११, धुळ्याच्या ५ आणि नंदुरबारच्या ४ अशा २० जागांविषयी खरी माहिती विखुरलेली असते, आणि विखुरलेली माहिती एका आकड्यात गोळा करणे हेच बाजाराचे काम. रावेर-यावलचा शेतकरी केळीचा भाव पाहून बऱ्हाणपूरकडची आवक ताडतो, तसेच हे. चाळीसगाव-पारोळ्याकडून ऊसतोडीला किती टोळ्या निघाल्या, नंदुरबारहून गुजरातेत कामाला गेलेले मतदानाला परतणार का, हे मुकादमाला आणि गाडीवाल्याला ठाऊक असते. पाहणीच्या नमुन्यात ते सहसा उतरत नाही. २०२४ चे मतदान २० नोव्हेंबरला, दिवाळीनंतर झाले, तेव्हा हा प्रश्न किरकोळ नव्हता. पण गोम अशी, की मुकादम या बाजारात नसतो. मोबाइलवर करार घेणारा बहुतेक शहरातला असतो, आणि अक्कलकुवा किंवा धडगावच्या पाड्यांविषयी त्याला टीव्हीने सांगितले तेवढेच माहीत. म्हणून अशा मतदारसंघातल्या भावाला मी फार वजन देणार नाही.

एकाच ठिकाणची मते सगळे गणित फिरवतात, तेही विसरू नये. २०२४ च्या लोकसभेला धुळे लोकसभा मतदारसंघातल्या सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजपचे सुभाष भामरे पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना १ लाख ९० हजारांहून अधिक मतांची आघाडी दिली आणि त्या ३,८३१ मतांनी जिंकल्या. मतमोजणीच्या दिवशी मालेगावच्या पेट्या किती बाकी आहेत हे न पाहता बच्छाव यांचा करार विकणाऱ्याने पैसे घालवले असते.

जागांची बेरीज करताना चूक आणखी मोठी होते. समजा, वीसही जागांवर महायुतीचा भाव ६० पैसे आहे. सरासरी अंदाज १२ जागांचा निघतो. प्रत्येक जागा स्वतंत्र मानली, तर १९ किंवा अधिक जागा मिळण्याची शक्यता साधारण दोन हजारांत एक इतकी भरते. प्रत्यक्षात २०२४ मध्ये महायुतीने खानदेशात १९ जागा जिंकल्या. काँग्रेसकडे फक्त नवापूर राहिले. जागा एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. हवा आली की मुक्ताईनगर आणि शिंदखेडा एकाच दिशेला वाहतात. त्यामुळे जागांचे वेगळे करार जोडून राज्याचा अंदाज बांधण्यापेक्षा एकूण जागांवर थेट करार काढणे शहाणपणाचे.

भाव फुगवून हवा तयार करण्याचे प्रकारही होतात. २०१२ मध्ये इंट्रेडवर एकाच खेळाडूने मिट रॉम्नी यांच्या बाजूने लक्षावधी डॉलर ओतून भाव टिकवून धरला होता. अखेर तो बुडाला. खरेदीदार भरपूर असतील तर असा भाव टिकत नाही. एका तालुक्याच्या करारावर मात्र दोन-चार कार्यकर्ते पुरेसे आहेत, आणि कार्यकर्ता नफ्यासाठी नव्हे तर निष्ठेसाठी पैसे लावतो.

भारतात पैशांचा असा बाजार कायदेशीर नाही. जुगार व पैजा हा विषय राज्यघटनेने राज्यांकडे दिला असून महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. ‘होय-नाही’ची ओपिनियन ट्रेडिंग अ‍ॅप काही काळ जोरात होती. एप्रिल २०२५ मध्ये शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने त्यांच्याविषयी सावधगिरीचा इशारा दिला आणि ऑगस्टमधल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. महाविद्यालयात खोट्या पैशांवर असा बाजार चालवून पाहता येतो. गावोगाव निवडणुकीत स्टॅम्प पेपरवर लिहिल्या जाणाऱ्या पैजा भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार निरर्थक ठरतात, आणि १८६५ च्या मुंबई कायद्यामुळे अशा पैजेसाठी दिलेली उसनवारीही कोर्टातून वसूल होत नाही.