एडीएचडीच्या औषधानंतरची चिडचिड: औषधाचा अंमल ओसरल्यामुळे की मात्रा जास्त झाल्यामुळे?

एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांच्या विकारासाठी, मिथाइलफेनिडेट किंवा अँफेटामिन गटातले औषध सुरू झाले की भूक कमी होणे हा बहुतेक पालकांच्या सर्वांत आधी लक्षात येणारा दुष्परिणाम असतो. तो ओळखायला अवघड नाही. दुपारचे जेवण तसेच उरते, वजन वाढत नाही, आणि त्यासाठी सकाळी औषधाआधी आणि रात्री भरपूर खायला द्यावे हे डॉक्टर पहिल्याच भेटीत सांगून ठेवतात. चिडचिडीचे मात्र तसे नाही. “औषध सुरू केल्यापासून मूल फार चिडके झाले आहे” या एका वाक्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिलीत औषध मुलाच्या शरीरातून निघून चाललेले असते, तर दुसरीत ते त्या मुलाला लागते त्यापेक्षा जास्त झालेले असते. पहिलीवरचा उपाय बहुधा औषधाचा अंमल आणखी थोडा वेळ टिकवण्याचा असतो आणि दुसरीवरचा तो कमी करण्याचा. त्यामुळे ओळखण्यात गफलत झाली तर उपायानेच त्रास वाढतो, आणि थोड्याच आठवड्यांत “हे औषध आमच्या मुलाला सोसत नाही” असे ठरवून, नीट बसवले असते तर उपयोगी पडले असते असे औषध बंद केले जाते. हे टाळता येण्याजोगे आहे, आणि त्यासाठी पालकांना डॉक्टर असण्याची गरज नाही. फक्त घड्याळाकडे आणि मुलाकडे एकाच वेळी पाहायला हवे.

मिथाइलफेनिडेट मेंदूतील डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही रसायने पेशींमध्ये परत शोषली जाण्यास अडथळा करते, त्यामुळे ती अधिक वेळ कामी येतात. साध्या गोळीचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासात जाणवू लागतो, एक ते दोन तासांत रक्तातील प्रमाण सर्वाधिक होते आणि तीन ते चार तासांत परिणाम सरतो. लाँग-अ‍ॅक्टिंग गोळ्या आणि कॅप्सूल बनावटीप्रमाणे साधारण आठ ते बारा तास काम करतात. म्हणजे प्रत्येक डोसला टेकडीसारखा एक चढ, एक माथा आणि एक उतार असतो. ओसरतानाची चिडचिड, जिला डॉक्टर रिबाउंड म्हणतात, ती उतारावर येते. जास्त मात्रेचा त्रास माथ्यावर येतो. पुढचे सगळे या एका फरकातून निघते.

आधी उतार पाहू. समजा, आठ वर्षांच्या मुलीला सकाळी साडेसातला आठ-नऊ तास चालणारी कॅप्सूल दिली जाते. शाळेचा दिवस बरा जातो, घरी आल्यावरही ती ठीक असते, आणि साडेचारच्या सुमाराला अचानक सगळे बिघडते. खोडरबर सापडत नाही म्हणून वही भिरकावली जाते, धाकट्या भावाने खुर्ची सरकवली म्हणून रडारड होते, ती खोलीभर येरझारा घालते, एकामागून एक बोलत सुटते आणि समजूत घालायला जावे तर आणखी बिथरते. पावणेसहाला तीच मुलगी त्याच भावाबरोबर शांतपणे खेळत असते. हे रिबाउंडचे नेहमीचे रूप आहे: सुरुवात ठरावीक वेळी, बऱ्यापैकी अचानक, जोर औषध नसतानाच्या नेहमीच्या लक्षणांपेक्षाही जास्त, आणि मुक्काम बहुधा अर्धा ते एक तास, क्वचित थोडा अधिक. यातला “नेहमीपेक्षा जास्त” हा भाग महत्त्वाचा आहे. औषध संपल्यावर मूल पुन्हा औषधाआधीसारखे चंचल होणे हा रिबाउंड नव्हे. ती मूळची एडीएचडी परत दिसू लागलेली असते. दिवसभर शांत मूल पाहायची सवय झाली की संध्याकाळची जुनीच चंचलता नव्याने जास्त वाटते, म्हणून औषध सुरू होण्याआधीच्या संध्याकाळी कशा होत्या हे आधीच लिहून ठेवलेले असले तर फार मदत होते.

मात्रा जास्त झाल्याचे चित्र वेगळे असते आणि बऱ्याचदा ते चिडचिडीने सुरूही होत नाही. मूल गप्प होते. चेहऱ्यावरचे भाव पुसट होतात, हसू कमी होते, मित्रांत जाऊन उभे राहिले तरी खेळात शिरत नाही. एखाद्या गोष्टीला चिकटले तर सोडत नाही: चित्राची एकच कड पुन्हा पुन्हा गिरवणे, नखे कुरतडणे, बोटाची त्वचा ओरबाडत बसणे. मध्येच डोळे भरून येतात आणि का ते सांगता येत नाही. काही मुले छातीत धडधडते असे सांगतात, काही उगाच घाबरी होतात. अशा अवस्थेत त्यांना कोणी हाक मारून त्या गोष्टीतून बाहेर काढले की ती चिडतात, आणि पालकांना दिसते ती ही चिडचिड. मोठी मुले कधी कधी स्वतःच स्पष्ट सांगतात की गोळी घेतली की मी मी राहत नाही. हे वाक्य कानावर आले तर ते औषध टाळायचा बहाणा म्हणून उडवून लावू नये. मात्रा तपासून पाहण्यासाठी तेवढे कारण पुरेसे आहे.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. जास्त मात्रेखाली दबलेले मूल वर्गात कोणालाच त्रास देत नाही. ते जागेवर बसते, मध्ये बोलत नाही, वही पूर्ण करते. शिक्षकांकडून “आता अगदी शहाण्यासारखा वागतो” असा निरोप येतो आणि घरी सगळ्यांना हायसे वाटते, तर त्याच वेळी मुलाने मधल्या सुटीत धावणे सोडून दिलेले असते. औषधाचा हेतू मुलाला स्वतःचे लक्ष हवे तिथे लावता यावे हा आहे, मोठ्यांना शांतता मिळावी हा नाही. म्हणून शिक्षकांना “त्रास देतो का?” एवढेच न विचारता “हसतो का, प्रश्न विचारतो का, सुटीत कोणाबरोबर खेळतो?” असेही विचारावे.

शिक्षकांचे म्हणणे आणखी एका कारणाने महत्त्वाचे ठरते. सकाळी घेतलेल्या अनेक औषधांचा माथा शाळेच्या वेळात येतो आणि उतार घरी. एकाच मुलाबद्दल शाळा आणि घर दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि दोघांचेही खरे असते. पालक जे पाहतात त्यात डोसचा माथा बहुधा नसतोच.

मग संध्याकाळची चिडचिड म्हणजे रिबाउंड आणि सकाळची म्हणजे जास्त मात्रा, असा सरळ नियम करता येईल का? नाही, आणि सर्वाधिक फसगत इथेच होते. लाँग-अ‍ॅक्टिंग औषधे सारखी नसतात. काही कॅप्सूलमधले निम्मे औषध लगेच सुटते आणि निम्मे साधारण चार तासांनी. त्यांचा अंमल आठेक तासांत संपतो. याउलट ऑस्मॉटिक पद्धतीच्या (पाणी आत शोषून औषध हळूहळू बाहेर ढकलणाऱ्या) मिथाइलफेनिडेट गोळीत, जी 2000 साली कॉन्सर्टा या नावाने अमेरिकेत मान्य झाली, सुमारे 22 टक्के औषध बाहेरच्या थरातून लगेच मिळते आणि उरलेले दिवसभर वाढत्या प्रमाणात सुटत राहते. तिच्यात रक्तातील औषध सर्वाधिक होते ते गोळी घेतल्यापासून सहा ते दहा तासांनी. सकाळी आठला अशी गोळी घेतलेले मूल दुपारी चारला उतारावर नसून माथ्याजवळ असू शकते. त्या वेळच्या रडवेपणाला रिबाउंड समजून वरून साधी गोळी जोडली, तर आधीच जास्त झालेल्या औषधात आणखी भर पडेल. म्हणून आपल्या मुलाला दिलेले औषध किती तासांचे आहे आणि त्याचा जोर दिवसाच्या कोणत्या भागात असतो, हे डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला नावासकट विचारून घ्यावे. नाव सारखे असले तरी दुसऱ्या कंपनीच्या लाँग-अ‍ॅक्टिंग गोळीची सुटण्याची पद्धत वेगळी असू शकते, त्यामुळे ब्रँड बदलल्यानंतर वागणूक बदलली तर तेही सांगावे. अशा गोळ्या फोडून, कुटून किंवा चावून देऊ नयेत, कारण दिवसभराचे औषध एकदम सुटते. काही कॅप्सूल उघडून आतले दाणे मऊ पदार्थावर टाकून देता येतात, पण कोणत्या ते विचारूनच ठरवावे.

या दोहोंच्या जोडीला भूक आणि थकवा ही साधी कारणेही असतात. दुपारी चार घासही न खाल्लेले आणि दिवसभर स्वतःला सावरून बसलेले मूल घरी आल्यावर चिडणारच. घरी आल्या आल्या, चिडचिडीच्या नेहमीच्या वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी, पोटभरीचे काहीतरी द्यावे आणि तो तास अभ्यासासाठी ठेवू नये. काही घरांत एवढ्यानेच अर्धा प्रश्न सुटतो, म्हणून औषधात बदल मागण्याआधी हे आठवडाभर करून पाहणे मला योग्य वाटते.

त्याच आठवड्यात नोंद ठेवावी. गोळी किती वाजता दिली, काय आणि केव्हा खाल्ले, त्रास केव्हा सुरू झाला, केव्हा संपला, आणि त्या वेळी मूल उधळलेले होते की मिटलेले. उधळलेले की मिटलेले, ही नोंद सर्वांत बोलकी ठरते. आठवड्यात एक सुटीचा दिवस यायलाच हवा. शाळा नसतानाही गोळीनंतर तितक्याच तासांनी त्रास झाला, तर कारण शाळेचा थकवा नसून औषध असण्याची शक्यता वाढते. डॉक्टरांची संमती असेल तर सुटीच्या दिवशी गोळी तासभर उशिरा देऊन पाहता येते. त्रासही तासभर पुढे सरकला तर त्याचा संबंध औषधाशीच आहे. याशिवाय मात्रा वाढवल्यापासून थोड्याच दिवसांत हा प्रकार सुरू झाला आहे का, हे पाहावे. तसे असेल तर संशय आधी मात्रेवर घ्यावा.

रिबाउंड असल्याचे ठरले तर डॉक्टरांपुढे दोन मुख्य मार्ग असतात: अधिक काळ चालणाऱ्या बनावटीकडे जाणे, किंवा अंमल संपण्याच्या थोडे आधी साध्या गोळीचा लहानसा डोस देऊन उतार सौम्य करणे. दुसरी युक्ती नवी नाही. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एमटीए या मोठ्या अमेरिकी अभ्यासात 579 मुले होती. त्यातल्या औषधोपचाराच्या गटांत मिथाइलफेनिडेट दिवसातून तीनदा दिले जात असे आणि दुपारनंतरचा तिसरा डोस मुद्दाम लहान ठेवलेला होता. अडचण झोपेची आहे, कारण उशिरा दिलेल्या डोसने काही मुलांची झोप लांबते. तरी प्रत्येक उशिरा झोपणाऱ्या मुलाला औषधच जागे ठेवते असे नाही. काहींना औषध पूर्ण उतरल्यावर परतलेली चंचलताच झोपू देत नाही. नोंदवहीत झोपेची वेळ असली तर हा फरकही कळतो.

मात्रा जास्त असल्याचे ठरले तर ती एक पायरी खाली आणून फायदा टिकतो का, ते पाहिले जाते. बऱ्याचदा टिकतो. एकाच वजनाच्या दोन मुलांना लागणारी मात्रा बरीच वेगळी असू शकते. म्हणूनच कमीपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवण्याची पद्धत आहे, आणि त्यात एक पायरी मागे येणे म्हणजे उपचार फसणे नव्हे. कमी मात्रेतही मूल मिटलेलेच राहिले तर दुसऱ्या गटातील औषधाचा विचार होतो. शाळेत जाण्याआधीच्या वयातील मुलांना रडवेपणा आणि चिडचिड जास्त जाणवते, हे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या पॅट्स अभ्यासात दिसले आहे; त्या वयात मात्रेबाबत अधिक सावध राहावे लागते.

ही सगळी तुलना उत्तेजक औषधांपुरती, म्हणजे मिथाइलफेनिडेट आणि अँफेटामिन गटातल्या औषधांपुरती आहे. एडीएचडीवरच्या इतर औषधांचे तसे नाही. अ‍ॅटोमॉक्सेटीनचा परिणाम दिवसभर सारखा असतो आणि तो दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे त्यावरील मुलाच्या रोजच्या संध्याकाळच्या त्रासाला रिबाउंड म्हणता येत नाही. मात्र त्या औषधावर मनःस्थितीतील बदलांकडे, विशेषतः सुरुवातीच्या काळात, बारीक लक्ष ठेवावे लागते. ग्वानफसीन आणि क्लोनिडीन एकाएकी थांबवल्यास रक्तदाब उसळू शकतो, म्हणून ती मनाने बंद करू नयेत.

आणि काही लक्षणांसाठी नोंदवहीची वाट पाहायचीच नाही. छातीत दुखणे, बेशुद्ध पडणे, नसलेल्या गोष्टी दिसणे किंवा ऐकू येणे, स्वतःला इजा करण्याची किंवा मरणाची भाषा, यांपैकी काहीही झाले तर त्याच वेळी डॉक्टरांशी संपर्क साधावा आणि पुढचा डोस त्यांच्याशी बोलल्याशिवाय देऊ नये.

एरवी, भेटीच्या वेळी “चिडचिड करतो” एवढे सांगण्याऐवजी “साडेसातला गोळी, साडेचारला उधळतो, पावणेसहापर्यंत ठीक होतो, आधी खायला दिले तर जोर कमी असतो” असे सांगावे. त्याच भेटीत नाडी, रक्तदाब, वजन आणि उंची पाहून घ्यावी. ब्रिटनच्या नाइस संस्थेची 2018 ची मार्गदर्शक तत्त्वे प्रत्येक मात्राबदलाच्या आधी आणि नंतर नाडी व रक्तदाब तपासायला सांगतात. डॉक्टरांनी बदल सुचवला तर तो एका वेळी एकच असावा, असा आग्रह पालकांनी धरायला हरकत नाही. मात्रा, वेळ आणि ब्रँड हे तिन्ही एकदम बदलले तर मूल सुधारले तरी कशामुळे ते कळत नाही, आणि बिघडले तर मागे कुठे यायचे तेही कळत नाही.