उजवीकडे वळवलं, तर उजवीच फळी वर जायला हवी

चतुर्थी आटोपून मावशीला गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मुंबईला नेत होतो. तिला खिडकीची जागा मिळाली, पंखाच्या थोडी मागे. विमान संथपणे धावपट्टीकडे निघालं आणि पंखाच्या टोकाजवळची, मागच्या कडेची फळी अचानक वर उचलली गेली, मग खाली गेली. पंखाच्या पाठीवरच्या काही पट्ट्याही उभ्या राहून परत आडव्या झाल्या. मावशीने माझा हात घट्ट धरला, "काय रे, पंख मोडला की काय?"

मोडला नव्हता. वैमानिक त्याची तपासणी करत होता. मला उड्डाणातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच वाटतो, आणि तो जमिनीवरच घडतो.

त्या फळीला ऐलेरॉन म्हणतात. उजव्या पंखावरची वर आणि डाव्यावरची खाली गेली, की उजव्या पंखाची उचल कमी होते, डाव्याची वाढते आणि विमान उजवीकडे कलतं. शेपटीवरचे एलिव्हेटर नाक वर-खाली करतात, तर उभं सुकाणू म्हणजे रडर ते डावी-उजवीकडे वळवतं. हे भाग जवळून पाहायचे असतील तर बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जा. तिथली जुनी विमानं उघड्यावर उभी आहेत.

उभ्या विमानाला वाऱ्याचा त्रास असतो. झोताने या फळ्या आपटत राहिल्या तर बिजागऱ्या झिजतात. म्हणून अनेक विमानांत त्या जखडून ठेवणारी कळ किंवा खीळ असते, तिला गस्ट लॉक म्हणतात. उडण्याआधी ती काढायची, एवढंच.

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटनजवळच्या राइट फील्डवर ती काढायची राहिली. बोईंगचं नवं चार इंजिनांचं मॉडेल २९९ उडालं, नाक वर करत गेलं आणि कोसळलं. मेजर प्लॉयर हिल आणि कंपनीचे लेस्ली टॉवर हे दोघे अनुभवी वैमानिक त्यात दगावले. विमान इतकं गुंतागुंतीचं झालं होतं, की सगळं डोक्यात ठेवणं माणसाला जमेना. मग कामांची यादी कागदावर आली. आजच्या चेकलिस्टचा उगम तिथला. तेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंनी बनलं.

तरीही ३१ मे २०१४ च्या रात्री बोस्टनजवळ बेडफर्डला एक गल्फस्ट्रीम जेट लॉक न काढताच धावपट्टीवर धावलं. वेग इतका वाढला होता, की थांबायला जागा उरली नाही. सातही जण गेले. तपासात विमानाच्या नोंदी चाळल्या, तेव्हा आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के वेळा नियंत्रणांची पूर्ण तपासणी झालीच नव्हती असं दिसलं. वैमानिकाच्या हातातला, या फळ्या हलवणारा दांडा सगळ्या बाजूंना पूर्ण फिरवायला काही सेकंद लागतात. तेवढं केलं असतं, तर तो अडलेला तिथेच कळला असता. हा आकडा वाचून मला फार वाईट वाटलं.

पण दांडा मोकळा फिरला म्हणजे झालं, असंही नाही. २० मार्च २००१ ला फ्रँकफर्टहून एक एअरबस ए-३२० उडालं. दुरुस्तीत कॅप्टनच्या बाजूच्या स्टिकची, म्हणजे त्याच्या दांड्याची, जोडणी उलटी झाली होती. उड्डाणापूर्वी तपासणी झाली, फळ्या हलल्या, पण कुठल्या दिशेला हलल्या हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. विमान डावीकडे कललं, कॅप्टनने उजवीकडे सावरलं तर ते आणखी डावीकडे गेलं. पंखाचं टोक जमिनीपासून जेमतेम अर्धा मीटर राहिलं. सहवैमानिकाची स्टिक ठीक होती. त्याने ताबा घेतला आणि सगळे वाचले.

म्हणून वैमानिक म्हणतात, 'फ्री अँड करेक्ट': मोकळं आणि बरोबर. एअरबसमध्ये एक जण स्टिक हलवतो, दुसरा पडद्यावर पाहून 'फुल लेफ्ट, फुल राइट, न्यूट्रल' असं मोठ्याने म्हणतो. मावशीला दिसलं ते याच वेळचं. हलवणारा एक आणि पाहणारा दुसरा, ही रचना मला फार शहाणपणाची वाटते, कारण आपण जे केलं तेच घडलं असं आपल्या डोळ्यांना पटकन वाटतं.

लहान विमानात असा पडदा सहसा नसतो, तिथे शिकाऊ वैमानिकाला अंगठ्यांची खूण शिकवतात. अंगठे वर करून हँडल धरायचं आणि फिरवायचं. अंगठे ज्या पंखाकडे झुकतील, त्याची फळी वर गेलेली दिसली पाहिजे. मान वळवून दोन्ही पंख बघायचे. उलटं दिसलं, तर इंजिन बंद करून मेकॅनिकला बोलवायचं.