बिल अर्धं असताना दुसरी विंडो बघायचीय? फुली दाबू नका

नमस्कार. आमच्याकडून बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या सगळ्या दुकानदारांसाठी हे लिहितोय, कारण आम्हाला सगळ्यात जास्त फोन एकाच गोष्टीसाठी येतात, "बिल कुठं गेलं ओ?"

परवा शहापूर खडेबाजारात एका साडीच्या दुकानात होतो. लग्नाचा बस्ता चाललेला, 22 साड्या स्कॅन झालेल्या, तेवढ्यात एक जुनं गिऱ्हाईक आलं, माझी बाकी किती हाय बघा की म्हणून. काउंटरवरच्या मुलीनं बिलाची विंडो फुलीवर क्लिक करून बंद केली, खातं उघडलं, बाकी सांगितली, आणि परत येऊन बघते तर बिल गायब, सगळ्या साड्या पुन्हा गठ्ठ्यातून काढून स्कॅन केल्या आणि नवरीकडची मंडळी बसून राहिली. चूक तिची नव्हती, इन्स्टॉल करताना आम्हीच नीट दाखवायला पाहिजे होतं.

बिल तसंच उघडं ठेवून खातं बघता येतं. बिलाची विंडो आणि खात्याची विंडो एकाच सॉफ्टवेअरच्या पोटात असतात, त्यामुळं कंट्रोल दाबून टॅब मारा, एकेक विंडो पुढं येत जाते. आठवलं नाही तर वरच्या मेनूत 'विंडो' म्हणून आहे, तिथं उघड्या असलेल्या सगळ्यांची नावं दिसतात, पाहिजे त्यावर क्लिक करा.

व्हॉट्सअ‍ॅप किंवा क्रोम असा दुसरा प्रोग्रॅम बघायचा असेल तर ऑल्ट आणि टॅब. ऑल्ट दाबूनच ठेवायचं, टॅब मारत राहायचं, पाहिजे ते आलं की सोडायचं. शेवटी वापरलेलं सगळ्यात पुढं असतं, म्हणून दोनच प्रोग्रॅममध्ये ये-जा असेल तर एकदा मारलं की तिकडं, परत एकदा मारलं की बिलावर.

बंद करताना मात्र जपून. कंट्रोल-एफ4 नं आतली एक विंडो बंद होते, ऑल्ट-एफ4 नं अख्खं सॉफ्टवेअर.

आपल्याकडं एक भानगड जास्त होते, कारण एकाच कॉम्प्युटरवर कन्नड, मराठी, इंग्लिश तिन्ही कीबोर्ड टाकलेले असतात. मागच्या विंडोकडं जायला ऑल्ट-शिफ्ट-टॅब असतंय, पण टॅब मारायच्या आधीच ऑल्ट-शिफ्ट सोडलं तर बऱ्याच कॉम्प्युटरवर भाषाच बदलते आणि आयटम कोडच्या जागी कन्नड अक्षरं उमटायला लागतात. घाबरू नका, विंडोज की आणि स्पेस दाबून परत इंग्लिश करा.

आणि हे नक्की वाचा. कधी कधी सॉफ्टवेअर काहीच ऐकत नाही, कुठंही क्लिक केलं की नुसता टिंग आवाज येतो. लोकांना वाटतं हँग झालं आणि सरळ मेन स्विच बंद करतात, त्यानं डेटा फाइल खराब होऊ शकते. बहुतेक वेळा एक छोटा बॉक्स, 'सेव्ह करू का' असं विचारणारा, मोठ्या विंडोच्या मागं दडलेला असतो, आणि त्याला उत्तर मिळाल्याशिवाय बाकी काही हलत नाही. ऑल्ट-टॅबनं त्याला पुढं आणा, वाचा, मग हो किंवा नाही करा.

तरी नाही सुटलं तर स्विचला हात लावायच्या आधी फोन करा. लाइन बिझी असली तर स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, रात्री 9 पर्यंत आमच्याकडं कोण ना कोण असतंच.